चाळिशी आणि आरसा

मराठी भाषेने एक गंमत करून ठेवली आहे. माणसाचे चाळिसावे वर्ष आणि जवळचे वाचायला लागणारा चष्मा या दोहोंना तिने एकच शब्द दिला आहे : चाळिशी. मला ती दोन्ही अर्थांनी एकाच वर्षी लागली. बालवाडीत गोष्टीचे पुस्तक हातभर लांब धरून मी वाचत होते, तेव्हा समोर मांडी घालून बसलेली एक चिमुरडी म्हणाली, "बाई, तुमच्या केसात पांढरी रेघ आलीय. खडूची आहे का?" मी "हो" म्हणून मोकळी झाले. मुलांपाशी खोटे बोलू नये, असे मी दर वर्षी त्यांच्या आईबापांना बजावते. त्या दिवशी मीच बोलले.

घरी येऊन चष्मा लावला आणि आरशासमोर उभी राहिले. खडू नव्हता. चष्म्यावाचून पाहिलेल्या आरशाने मला दोन-तीन वर्षे सांभाळून घेतले होते, एवढेच. मग सवयीप्रमाणे पुस्तकांच्या फळीकडे वळले. आजवर कोणतीही अडचण आली की मी असेच केले आहे. वय वाढत चाललेल्या बाईने आरशात पाहावे की नाही, पाहिले तर काय पाहावे, याबद्दल आपल्या लेखिकांनी काही लिहून ठेवले आहे का, हे मला पाहायचे होते. मी मॅट्रिक झालेली बाई. समीक्षेची परिभाषा मला येत नाही. पण दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या असल्यामुळे लिहिणारा कुठे अंग चोरतो, ते मला थोडेफार कळते. तेवढ्याच शिदोरीवर हा लेख लिहिते आहे.

आधी शब्दांकडेच पाहू. नटणाऱ्या प्रौढ बाईसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. नटवी आहे, नटमोगरी आहे, नखरेल आहे. आणि पन्नाशीनंतरही हौस टिकली, तर म्हातारचळ आहे. न नटणाऱ्या बाईसाठीही सोय आहे : गबाळी, अजागळ, आणि "काय हा अवतार!" या दोन टोकांच्या मध्ये कौतुकाचे म्हणून जे शब्द उरतात, ते नीटनेटकी आणि टापटिपीची. तेही आपण फडताळाला आणि स्वयंपाकघराला लावतो, तेच. पुरुषाने कलप लावला तर लोक घटकाभर हसतात आणि विसरतात. बाईच्या कलपाची चर्चा मात्र बारशाला सुरू होते ती बाराव्यापर्यंत पुरते. या साऱ्यावर कळस म्हणजे "वयाला शोभेल असे" हा वाक्प्रचार. काय शोभते ते ठरवणारे माणूस त्या वाक्यात कुठेच दिसत नाही. पण शिक्षा मात्र वेळेवर मिळते.

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल सांगते. या लेखाचे मूळ तिथेच आहे. माझ्या दुसऱ्या कादंबरीत नायिकेची आई नवऱ्यामागे हौसमौज आपणहून बाजूला ठेवते. तिच्या वैराग्यावर मी चार पाने लिहिली होती. ती पाने वाचकांना आवडली; एकदोघींनी पत्रे पाठवून डोळे पाणावल्याचे कळवले. माझ्या आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे तिला बारीक टाइप दिसत नाही, म्हणून एका दुपारी मीच तिला ती पाने वाचून दाखवली. आई वाटाणे सोलत होती. वाचून झाल्यावर थोड्या वेळाने म्हणाली, "अगं, हे आपणहून कुठे होतं? दहाव्या दिवशी तुझ्या आत्यानं हात धरून माझ्या बांगड्या काढल्या. पुढच्या महिन्यात तू मला दोन फिक्या साड्या आणून दिल्यास. मी नेसले. मी सोडलं असं कसं लिहिलंस? तुम्ही काढून घेतलंत."

त्या दोन साड्या मीच पालघरच्या बाजारात पसंत केल्या होत्या. एक राखी, एक बदामी. आईच्या वयाला शोभतील अशा.

शाळेत आपण प्रयोजक क्रियापद शिकतो. मूल झोपते, आई मुलाला झोपवते. बाई सोडते, आणि बाईला सोडायला लावतात. चांगले लिहिणे म्हणजे पुष्कळदा या दोन क्रियापदांत गल्लत न करणे, हे मला त्या दुपारी कळले. मग जुनी-नवी पुस्तके मी हीच एक कसोटी घेऊन पुन्हा वाचली. साधेपण सगळीकडेच भरपूर सापडले. पण ते बाईने निवडले की तिच्यावर आले, हे लिहिणारीने सांगितले आहे का?

नशिबाने आपल्या मराठीत एकाच घराण्याच्या आसपास या प्रश्नाची तीन-चार उत्तरे सापडतात. ते घराणे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. महर्षींच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया; त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले; बायांची सून इरावतीबाई; आणि इरावतीबाईंची मुलगी गौरी देशपांडे. मावशी, सून आणि नात. या घरातल्या बायका लिहीत गेल्या, आणि प्रत्येकीच्या लिहिण्यात वय वाढणारी बाई निराळ्या वेषात उभी राहिली.

पार्वतीबाईंची 'माझी कहाणी' १९२८ साली प्रसिद्ध झाली. देवरुखच्या बाजूची, ऐन तारुण्यात वैधव्य आलेली, पदरी एक मुलगा असलेली ही बाई पुण्यात येऊन शिकली आणि बहिणीच्या यजमानांच्या विधवाश्रमासाठी वर्षानुवर्षे निधी गोळा करत फिरली. तिचे केस काढलेले होते. तो काळ आठवावा. ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून विधवेवरच्या अन्यायाचा जाब विचारला, तो १८८२ साली. मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवून विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असे ठरवले, ते १८९० साली. म्हणजे विचार बाहेर आलेला होता. तरी पार्वतीबाईंनी वपनाची चाल मोडली ती चाळिशी ओलांडल्यावर. माझ्या मते सबंध पुस्तकातला हा सर्वांत धीट भाग आहे. ज्या वयात इतर बायका वेणीवरून अंबाड्यावर येतात, त्या वयात या बाईने केसांना पुन्हा वाढायला परवानगी दिली. वाढलेले केस पिकायचेच होते. त्यांत रूप मिळवायचा हव्यास असणे शक्यच नव्हते. आपल्या डोक्यावर आपला हक्क आहे, एवढेच त्यांत होते. आणि दारोदार देणगी मागणाऱ्या बाईला लोकांची मर्जी किती सांभाळावी लागते, हे शाळेसाठी वर्गणी मागितलेल्या कोणालाही विचारावे.

पुढे १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ही बाई इंग्रजी शिकायला एकटी अमेरिकेला गेली आणि लोकांच्या घरी कामे करून दोन वर्षे राहिली. पुस्तकाची भाषा साधी, जवळजवळ हिशेबाच्या वहीसारखी आहे. पण क्रियापदे चुकलेली नाहीत. कोणती गोष्ट रूढीने झाली आणि कोणती आपण केली, हे बाई स्पष्ट सांगते. पांडित्याने लिहिलेल्या पुष्कळ चरित्रांत एवढे मिळत नाही.

बायांचे 'माझे पुराण' १९४४ साली आले. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली ही पहिली विधवा विद्यार्थिनी. १८९३ साली पुनर्विवाह केला आणि त्यापायी वाळीत पडण्याचे दिवसही पाहिले. या पुस्तकात तक्रार फारच थोडी आणि खमंग बोलणे भरपूर. नवऱ्याचा पैसा आणि जीव संस्थेत. घर चालवायचे ते हिने. अशा संसारात अंगावरच्या कपड्याकडे पाहायला सवड कुठली, असे आपण वाचता वाचता सहज म्हणून जातो. पण इथेच वाचकाने थांबावे. महर्षींचे साधेपण म्हणजे त्यांचे व्रत. बायांच्या वाट्याला आलेले साधेपण त्या व्रताचा हप्ता होते, आणि तो दर महिन्याला चुकवायचा होता. एकाच घरातल्या दोन माणसांचे सारखेच जाडेभरडे कापड. पण एकाने ते घेतलेले आणि एकीला ते मिळालेले. आपल्या चरित्रकारांनी हा फरक फार क्वचित टिपला. बायांनी तो बोलण्याच्या सुरातच टिपून ठेवला, म्हणून ते पुस्तक आजही ताजे लागते.

इरावतीबाईंच्या 'परिपूर्ती'कडे मी जरा भीतभीतच वळते, कारण तो लेख मराठी वाचकाच्या देव्हाऱ्यात जाऊन बसला आहे. १९४९ साली त्याच नावाचा संग्रह निघाला, तेव्हा लेखिका चाळिशीतच होत्या. एका समारंभात त्यांची ओळख करून दिली जाते : अमक्यांची मुलगी, तमक्यांची सून, अमक्यांची पत्नी. तरी काहीतरी उणे राहिले असे त्यांना वाटत राहते. मग रस्त्याने जाताना, ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, असे मुलांनी बोललेले कानावर पडते आणि ओळख पुरी होते. लेख अतिशय देखणा आहे. शेवट मिस्कील आहे, प्रेमळ आहे. पंचवीस वर्षांची असताना मी तो वाचून रडले होते.

या खेपेला वाचताना मात्र एक प्रश्न मनातून जाईना. रस्त्याने चाललेली ती बाई होती कशी? मानवशास्त्राचा गाढा अभ्यास असलेली, गावोगाव हिंडलेली, चारचौघींत उठून दिसणारी ही बाई स्वतःच्या लेखात मात्र कुठेच दिसत नाही. मुलांना ती दिसते, म्हणूनच ती मुले तिच्याकडे बोट दाखवतात. वाचकाला दिसत नाही. बाप, सासरा, नवरा आणि मुलगा या चार आरशांत ती पाहते, पाचवा आरसा घरात नाही. कोणी म्हणेल, लेखाची खुबी तीच आहे. लेखिकेने स्वतःवरच केलेला तो विनोद आहे. मला ते मान्य आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या आम्ही वाचकांनी त्यातला विनोद गाळला आणि उरलेल्याचा उपदेश केला. आई म्हणून ओळख झाली की बाईचे सारे पुरे झाले, असा. लेखिकेपेक्षा वाचकांचाच दोष मला त्यात अधिक दिसतो.

या घराण्याच्या बाहेरची, पण महर्षींच्याच संस्थेत शिकलेली एक लेखिका इथे आठवायला हवी : विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली निघाले आणि केवढे वादळ उठले! शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न जमलेल्या मुलींचे वय वाढत जाते, आणि त्या वाढत्या वयाकडे घरची माणसे, बाहेरची माणसे आणि त्या मुली स्वतः कशा पाहतात, हे या कथांत आले. तिशीची मुलगी प्रौढ ठरण्याचे ते दिवस. आज त्यांतले काही संवाद पुस्तकी वाटतात आणि सुस्कारे जरा जास्त होतात, हे खरे. पण वय ही गोष्ट बाईच्या अंगावर आतून येत नाही, ती लोकांच्या डोळ्यांतून येते, हे मराठीत इतक्या रोखठोकपणे आधी फारसे कोणी सांगितले नव्हते. लेखिका तेव्हा तिशीचीही नव्हती आणि तिला टोपणनावाच्या पडद्याआड उभे राहावे लागले, यातच सारे आले.

त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, १९८० साली, गौरी देशपांडे यांचे 'एकेक पान गळावया' आले. नावातच सारे आहे. झाडाचे पान कोणी ओरबाडत नाही, ते वेळ झाली की गळते. संसार, नाती, जबाबदाऱ्या यांतून वयाबरोबर सुटत जाणारी बाई गौरीबाईंनी ज्या मोकळेपणाने लिहिली, तो आजीच्या पिढीला परवडला नसता. माझी एक तक्रार आहे. गौरीबाईंच्या नायिकांना बहुधा वेळ असतो, प्रवास असतो, आणि दार लावून घेता येईल अशी स्वतःची खोली असते. आमच्या भागातल्या बाईला यातले एकही सहज मिळत नाही. तरीही माझ्या कसोटीला हे पुस्तक उतरते. इथली बाई सोडते, तिला कोणी सोडायला लावत नाही. कमल देसाईंनी तर आपल्या नायिकेच्या डोक्यावर सरळ हॅटच चढवली. 'हॅट घालणारी बाई' हे नाव वाचूनच पुष्कळ वाचक बुचकळ्यात पडले असतील. पदर, अंबाडा आणि कुंकू या तीन खुणांवर प्रौढ बाई ओळखायची सवय झालेल्या मराठी कादंबरीला तो एक चांगला धक्का होता.

आता पुण्याहून माझ्या मुलखाकडे येते. १ ऑगस्ट २०१४ रोजी आमचा पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला. पण बालवाडीच्या नकाशावर हा भाग त्याच्या कितीतरी आधीपासून ठळक आहे. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या; पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मी ज्या धंद्यात आहे, त्याची ही काशी. अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' मी प्रथम वाचले ते शिक्षिका म्हणून, आणि या वर्षी वाचले ते चाळिशी लागलेली बाई म्हणून. लहानपणी लग्न आणि लगेच वैधव्य; म्हणजे साधेपण यांच्यावर आलेलेच होते. पण पुढे त्यांनी त्याचे जे केले, ते पाहण्यासारखे आहे. आलेल्या गोष्टीचा त्यांनी गणवेश केला. पाड्यावर जायचे, मुले गोळा करायची, त्यांना धुवायचे, पुसायचे, मग शिकवायचे. अशा कामाला सुटसुटीत सुती साडीच हवी. तिथे साधेपणाला कारण मिळाले, आणि कारण मिळाले की साधेपण आपले होते.

तरी मास्तरणीची एक शंका विचारतेच. आम्ही बालवाडीच्या बाया रोज किती डोकी विंचरतो, किती नाके पुसतो, किती नखे कापतो! स्वच्छ राहावे, अंगाची निगा राखावी, स्वतःवर माया करावी, हा आमचा पहिला धडा. मग आमच्या सगळ्या आठवणींच्या पुस्तकांत आमची स्वतःची फणी कुठे आहे? दुसऱ्याची निगा लिहिण्यासारखी आणि स्वतःची लपवण्यासारखी, हे कोणी ठरवले? अनुताईंसारख्या मोठ्या बाईकडे ही मागणी करणे कदाचित अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढे कामाचा डोंगर होता. पण आम्ही मागून आलेल्यांनी ते मौनही व्रत म्हणून उचलले, ही चूक आमची.

आणि पुस्तकांना न दिसलेल्या बायका तर माझ्या रोजच्या वाटेवर आहेत. पालघरहून उमरोळी, उमरोळीहून बोईसर, एवढाच माझा प्रवास. पण बायकांच्या डब्यात तो एक ग्रंथच असतो. २०१३ साली विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल आली आणि हा डबा भरू लागला. बोईसरच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी पन्नाशीची बाई पिशवीतून गजरा काढते, शेजारणीकडून माळून घेते, आणि उतरताना तो डब्यात गुंडाळून पुन्हा पिशवीत ठेवते, कारण यंत्राजवळ फूल चालत नाही. पंधरा मिनिटांचा तो गजरा कोणासाठी? नवरा तिथे नसतो, साहेब तिथे नसतो. तारापूरला १९६९ साली अणुवीज सुरू झाली, त्यावर कितीतरी लिहिले गेले. या पंधरा मिनिटांवर कोणी लिहिलेले मला आढळले नाही.

सातपाटीच्या बाजारात पापलेटाच्या पाटीमागे बसलेली साठीची कोळीण पाहावी. चापून नेसलेले लुगडे, गळ्यात सोने, अंबाड्यात वेणी. "मावशी, या वयात एवढी फुलं?" असे तिला विचारायची माझी छाती नाही. बोट दाखवून ती म्हणेल, पापलेट घ्यायचं तर घे. मासळीचा पैसा तिच्या हातातून फिरतो, आणि हातात पैसा फिरणाऱ्या बाईला "वयाला शोभेल असे" फारसे कोणी सांगत नाही, असे मला वाटते. आमच्या मध्यमवर्गीय कादंबरीने साधेपणाला जे सोवळे नेसवले, त्याखाली बाईचा रिकामा हात झाकलेला होता, हे कोळणीकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. उलट गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' उघडले की आमची ही सारी चर्चा क्षणभर लाजते. तलासरी-डहाणूच्या वेठबिगारीत पिचलेल्या वारली बाईपुढे प्रश्न आवडीचा नव्हता, पोटभर अन्नाचा आणि अंगभर कापडाचा होता. पण त्याच वारली घरांत लग्नाचा चौक लिहायचा मान सवाशिणींचा असतो. तांदळाच्या पिठात बुडवलेल्या काडीने त्या भिंत सजवतात. हौस ही पोट भरल्यानंतरची गोष्ट आहे, असे म्हणणाऱ्यांनी ती भिंत पाहावी.

काळ थांबलेला नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणे या प्रथा गावातून बंद. त्याच महिन्यात सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तसे सुचवले. ती बातमी मी आईला वाचून दाखवली. "बरं झालं," ती म्हणाली, आणि वाटीतली डाळ निवडू लागली. तिच्या बांगड्या निघून तेव्हा दहा वर्षे झाली होती.

दुसऱ्या बाजूचे भयही मी झाकून ठेवणार नाही. आज आरशासमोर बसवणारी माणसे पुष्कळ झाली आहेत. सुरकुती घालवा, केस काळे करा, वय लपवा, असा घोष दिवसभर चालतो. पूर्वी सांगत, म्हातारी दिस. आता सांगतात, म्हातारी दिसू नकोस. क्रियापद आज्ञार्थीच राहिले. माझ्या ओळखीची एक शिक्षिका दर महिन्याला केस रंगवते आणि प्रत्येक वेळी डोक्याला खाज सुटते; पण पांढरे केस दिसले तर पालक काय म्हणतील, या धाकाने थांबत नाही. कलप लावण्यात पाप नाही, न लावण्यात पुण्य नाही. तिला कोणी विचारले का, एवढेच मी कादंबरीकार म्हणून पाहीन.

म्हणून तरुण लेखकलेखिकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या गोष्टीत चाळिशीपुढची बाई आली, तर तिच्या अंगावर ठसठशीत कुंकू किंवा फिके लुगडे घालून पुढे पळू नका. वीस वर्षांच्या नायिकेच्या बटेवर तुम्ही अर्धे पान घालवता. तिच्या आईला एक ओळ तरी द्या. ती सकाळी केस कशाने विंचरते, गुडघ्याला कोणते तेल लावते, कोणता रंग तिला आवडतो आणि तो कोणी बंद केला, हे शोधा. माहीत नसेल तर घरात विचारा. मी विचारले नव्हते आणि चार पाने खोटी लिहिली.

मागच्या दिवाळीची एक गोष्ट सांगून थांबते. नरकचतुर्दशीला आमच्या घरात पहाटे आधी मुलांना तेल-उटणे, मग पुरुषांना, आणि पाणी निवत आल्यावर बायका आपापली अंघोळ उरकतात. पाडव्याला नवऱ्याला पुन्हा तेल. आईला कोणी शेवटचे तेल लावले, हे आठवून पाहिले तर मला आठवेना, तिलाही आठवेना. त्या पहाटे मी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली आणि आईला आधी बसवले. "अगं, हे काय भलतंच, पोरं खोळंबलीत," असे ती दोनदा म्हणाली. तिच्या पाठीवरची हाडे माझ्या हाताला लागली आणि मी हलक्या हाताने चोळू लागले, तशी ती म्हणाली, "जरा जोर लाव की. मी काय काचेची आहे?"

मग न्हाऊन आली आणि कपाट उघडून बराच वेळ उभी राहिली. राखी साडी तिने बाजूला सारली. खालून एक मोरपंखी काढली, बाबा असतानाची, घडीवर पिवळी पडलेली. माझ्याकडे वळून तिने विचारले, "बरी दिसेल का गं?"

वयाला शोभेल का, असे तिने विचारले नव्हते. मी चाळिशी लावली आणि नीट पाहून सांगितले.